मोजले कोणी?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘पुन्हा एकदा तास’ या सत्रात, नववी ‘ब’च्या जुन्या वर्गात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. फळ्यावरची गणितं तेवढी ओळीत आणली आहेत.)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तासाला आपल्या डॉक्टरांनी फळ्यावर हृदय काढलं, त्याआधी बँकवाल्यांनी चक्रवाढ व्याज शिकवलं. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मी कॉम्प्युटरवर बोलणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सकाळपासून चौघांनी विचारलं की ए.आय. आल्यावर आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार. ते जेवताना बोलू, मला स्वतःच्या नोकरीचीही काळजी आहे.

मी रसायनशास्त्राचा तास घेणार आहे. धडा नववीचा. मूलद्रव्याच्या एका मोलचं वस्तुमान कसं काढायचं. सर पहिल्या बाकावर बसलेत आणि माझे हात थरथरतायत, हे फळ्यावरच्या अक्षरावरून दिसतंच आहे.

टेबलावर काय मांडलंय ते आधी सांगते, कारण मागून कोणीतरी ‘भेळ आहे का’ असं विचारलं. ही पोळ्या गुंडाळायची फॉइल, ॲल्युमिनियमची. कापून बरोबर २७ ग्रॅम केली आहे. ही तांब्याची तार, साडेत्रेसष्ट ग्रॅम, स्टँडमागच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणली. तिच्यावर वार्निशचा थर आहे, तो खरवडायचा मी कंटाळा केला, तेवढी चूक पदरात घ्या. हे पिवळं म्हणजे गंधक, ३२ ग्रॅम, काष्ठौषधीच्या दुकानातलं. द्राक्षबागेवर मारतात ते स्वस्त पडलं असतं, पण ते ८० टक्केवालं असतं आणि मला शुद्ध हवं होतं. आणि हे साधे दोन इंची खिळे, वीसेक आहेत, ५६ ग्रॅमला किंचित कमी. सोनंही आणायचा विचार होता. सोन्याचा एक मोल म्हणजे १९७ ग्रॅम, जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने जवळजवळ सतरा तोळे. तो विचार घरीच सोडला.

या चारही ढिगांत अणूंची संख्या एकच आहे. फॉइलमध्ये जितके ॲल्युमिनियमचे अणू, तितकेच तारेत तांब्याचे, तितकेच गंधकाचे, तितकेच खिळ्यांत लोखंडाचे. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. आजच्या जगातल्या सगळ्या आठशे कोटी माणसांनी हातातलं काम सोडून सेकंदाला एक या वेगाने मोजायला घेतलं, तर एका ढिगाला चोवीस लाख वर्षं लागतील. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर कॉम्प्युटरमध्ये पूर्णांक ठेवायला जो ६४ बिटांचा नेहमीचा डबा असतो, त्यात हा आकडा मावत नाही. तसले तीस हजारांहून जास्त डबे काठोकाठ भरतील.

हा आकडा आपण सगळ्यांनी पाठ केला होता. पण आज मला त्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, जेव्हा सरांनी तो पहिल्यांदा याच फळ्यावर लिहिला.

१९९४, पावसाळा. गच्चीतून पाणी गळायचं म्हणून खिडकीकडची रांग मधे सरकवली होती, आठवतंय? सरांनी दोन ओळी लिहिल्या. कार्बनच्या एका अणूचं वस्तुमान १२ ए.एम.यू. कार्बनच्या एका मोलचं वस्तुमान १२ ग्रॅम. आणि खाली तो लांबलचक आकडा. मुलींच्या तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला.

‘सर, एवढे मोजले कोणी?’

वर्ग फुटला. तुम्ही सगळे हसलात, पण सर्वांत मोठ्याने मी हसले, कारण मी तिच्या शेजारी बसत होते आणि चाचणीत दहापैकी दहा घेणारी होते. सर हसले नाहीत, हे मला नीट आठवतं. ते म्हणाले, ‘प्रश्न चांगला आहे. पाहून सांगतो.’ मग घंटा झाली, मग सहामाही आली, मग पुढचा धडा. पुस्तकात उत्तर नव्हतं, शाळेच्या ग्रंथालयात असायचं कारण नव्हतं, आणि इंटरनेट आपल्या गावात यायला अजून बरीच वर्षं होती. सरांवर माझा काडीचाही आक्षेप नाही.

मी मात्र मधल्या सुट्टीत डबा खाताना तिला म्हणाले, ‘तुझ्या बाबांच्या दुकानात खिळे मोजतात ना, तसे मोजले असतील.’ ती म्हणाली, ‘खिळे मोजत नाही गं आम्ही. तोलतो.’ आम्ही त्यावरही हसलो. दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत तिचं नाव ‘मोजले कोणी’ पडलं होतं. ते नाव मी ठेवलं होतं. त्या दिवसानंतर तिने विज्ञानाच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. मी शेजारी होते म्हणून खात्रीने सांगू शकते.

तिचं खरं नाव घेत नाही. ती खाली मान घालून हसते आहे, तुम्हाला कळलंच असेल. परवा फोन करून विचारलं, हे सांगू का? म्हणाली, ‘सांग, पण रडायचं नाही.’ दुकान आता तीच बघते. टेबलावरचा हा काटाही तिच्याच दुकानातला.

तर तास. तिच्या दुकानातून सुरुवात करते.

समजा एका वायसरचं वजन ४ ग्रॅम आहे आणि एका बोल्टचं १२ ग्रॅम. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, दोन्ही हजार-हजार नग द्या. हजार वायसर मोजत बसलात तर दुसरं गिऱ्हाईक निघून जाईल. दुकानदार काय करतो? वायसर ४ किलो तोलतो, बोल्ट १२ किलो. झाले हजार-हजार. आता आकडे बघा. एक वायसर ४ ग्रॅम, हजार वायसर ४ किलो. एक बोल्ट १२ ग्रॅम, हजार बोल्ट १२ किलो. आकडा तोच, एकक तेवढं बदललं. यात जादू आहे का? काही नाही. एका किलोत हजार ग्रॅम असतात आणि आपण नग हजार घेतले, एवढंच.

मोल म्हणजे हुबेहूब हेच. ए.एम.यू. हा अणूंच्या दुकानातला ग्रॅम समजा, आणि आपला ग्रॅम हा त्यांचा किलो. एका ग्रॅममध्ये ए.एम.यू. किती? एक ए.एम.यू. म्हणजे १.६६०५ गुणिले दहाचा उणे चोविसावा घात ग्रॅम. एकाला त्याने भागा, उत्तर ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. म्हणून तितके अणू घेतले की एका अणूचा ए.एम.यू.मधला आकडा तसाच उचलून ग्रॅममध्ये लिहिता येतो. कार्बन १२ असेल तर १२ ग्रॅम, ॲल्युमिनियम २७ तर २७ ग्रॅम.

हे मला कधी कळलं असेल? दहावीत नाही, बारावीत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र होतं, तेव्हाही नाही. गणितं सगळी सोडवली. ‘दिलेलं वस्तुमान भागिले मोलचं वस्तुमान’ हे सूत्र झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण दोन्हीकडे १२ का, हा प्रश्न मला पडलाच नाही. तो पडायला मला नोकरीत एक सणसणीत चूक करावी लागली.

साधारण आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटाकडे प्रयोगशाळांसाठी एक सॉफ्टवेअर होतं. रसायनशास्त्रज्ञाने सांगायचं की मला अमुक द्रावण अमुक इतकं करायचं आहे, आणि प्रोग्रॅमने सांगायचं की कोणता पदार्थ किती ग्रॅम तोलून घ्या. त्यासाठी आत मूलद्रव्यांचा एक तक्ता लागतो. तो मी भरला. ज्या यादीवरून भरला तिच्यात दोन रकाने शेजारी होते, अणुवस्तुमान आणि अणुवस्तुमानांक. मी दुसरा घेतला. मला वाटलं, एक दशांशात आहे आणि एक पूर्णांकात, पूर्णांक सुटसुटीत.

तपासणीसाठी मी मूलद्रव्यं निवडली कार्बन, ऑक्सिजन, सोडियम, ॲल्युमिनियम. सगळी पास. होणारच. निसर्गात सोडियमचा एकच समस्थानिक सापडतो, ॲल्युमिनियमचाही एकच. सोडियम २२.९९, पूर्णांकात २३. ॲल्युमिनियम २६.९८, पूर्णांकात २७. कार्बन १२.०११, ऑक्सिजन १५.९९९. यांच्यात फरक पडतो तो एक दशांश टक्क्याच्या आतबाहेर. माझी परीक्षा मीच काढली आणि मलाच सोपे जातील असे प्रश्न निवडले.

मग क्लोरिन आला.

क्लोरिन आठवतोय ना? गणिताच्या शेवटी कंसात लिहिलेलं असायचं, क्लोरिन बरोबर ३५.५. बाकी सगळे पूर्णांक आणि याच्या मागे अर्धा. अणूच्या केंद्रकात अर्धा प्रोटॉन किंवा अर्धा न्यूट्रॉन कसा बसेल, हे आपण कोणीही विचारलं नाही. विचारणारी एकच होती आणि तिला आपण गप्प केलं होतं.

निसर्गातला क्लोरिन म्हणजे दोन मापांच्या बोल्टचं मिसळलेलं पोतं. शंभरातले साधारण ७६ अणू ३५ वाले, २४ अणू ३७ वाले. दोन्ही क्लोरिनच, प्रोटॉन दोघांतही १७. न्यूट्रॉन तेवढे एकात १८, दुसऱ्यात २०. पोत्यातून हजार नग काढले तर वजन किती भरेल? सरासरी काढायची, पण ३५ आणि ३७ची नुसती बेरीज करून दोनने भागायचं नाही. ज्याचा जितका वाटा, त्याला तितकं वजन. फळ्यावर लिहिते. ३४.९६९ गुणिले ०.७५७७, हे झाले २६.४९६. ३६.९६६ गुणिले ०.२४२३, हे ८.९५७. बेरीज ३५.४५३. म्हणून क्लोरिनच्या अणूंचा एक मोल ३५.४५ ग्रॅम. यातला एकही अणू ३५.४५ वजनाचा नसतो, हे लक्षात ठेवा. आपल्या वर्गाची सरासरी काढली तर ती कोणाच्याच गुणपत्रिकेत सापडणार नाही, तसं. आणि सांभाळा, क्लोरिन वायूच्या रेणूत दोन अणू जोडीने असतात, त्यामुळे वायूचा मोल म्हटलात तर दुप्पट, ७०.९. प्रश्नात अणूंचा मोल विचारलाय की रेणूंचा, हे न वाचल्यामुळे इथल्या निम्म्या लोकांचे गुण गेले होते.

माझ्या तक्त्यात क्लोरिन ३५ होता. म्हणजे मिठाचा मोल ५८.४४ ग्रॅमऐवजी ५८ ग्रॅम. ज्या प्रयोगशाळेत ते चालू होतं तिथल्या एका वयस्कर रसायनशास्त्रज्ञांनी स्वतः फोन केला. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मॅडम, तुमचं मीठ हलकं आहे.’ द्रावण पाऊण टक्का पातळ होत होतं. पाऊण टक्का म्हणजे स्वयंपाकघरात काहीच नाही, पण ते द्रावण दुसऱ्या द्रावणांची ताकद मोजायला वापरायचं होतं. मापाची पट्टीच आखूड, मग तिने मोजलेलं सगळंच चुकतं. तीन आठवड्यांच्या नोंदी त्यांच्या माणसांना पुन्हा तपासाव्या लागल्या. तांब्याच्या ६३.५५च्या जागी ६३, बोरॉनच्या १०.८१च्या जागी ११, सगळ्या तक्त्यात हीच रडकथा. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. त्यांना परत फोन करायचं धैर्य गोळा करायला मला दुपार लागली.

त्या रात्री मी आकडे नीट वाचायला बसले आणि मला आपल्या तिसऱ्या बाकाची आठवण झाली. सरासरी कळली, दोन्हीकडे १२ का ते कळलं. मग पुढचा प्रश्न तिचाच होता. दुकानात एका बोल्टचं वजन काट्यावर ठेवून बघता येतं. अणू काट्यावर कोण ठेवणार? मग एवढे मोजले कोणी?

ज्याचं नाव आकड्याला आहे त्या ॲव्होगॅड्रोंनी तर मोजले नाहीतच. ते १८५६ साली वारले, तेव्हा हा आकडा कोणालाच माहीत नव्हता. त्यांनी १८११ साली एवढंच म्हटलं होतं की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. किती, ते नाही. पण सारखी आहे एवढं कळलं तरी दुकान चालतं. दोन पोत्यांत नग सारखे आहेत आणि एक पोतं दुसऱ्याच्या तिप्पट जड आहे, तर एक नगही तिप्पट जड. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने हीच वाट मांडली आणि अणुभारांचा गोंधळ निवळायला लागला. ती परिषद ऐकायला तरुण मेंडेलीव्हही गेला होता. म्हणजे नग किती हे माहीत नसताना रसायनशास्त्र अनेक दशकं नुसत्या तोलण्यावर व्यवस्थित चाललं. तुझं तेव्हाचं वाक्य, ‘मोजत नाही, तोलतो.’

पुढे माणसांना मोजल्याशिवाय राहवेना. लोश्मिट नावाच्या ऑस्ट्रियन शिक्षकाने १८६५ साली रेणूचा आकार अंदाजला. मग फ्रान्सचे पेरॅं. यांचा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी एका झाडाचा पिवळा चीक घेतला, आपलं कोकम ज्या कुळातलं त्याच कुळातल्या झाडाचा. त्याचे सगळे सारख्या मापाचे बारीक कण करून पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळ्या उंचीवर किती कण तरंगतात ते एकेक मोजले. डोंगरावर चढावं तशी हवा विरळ होते, तसेच ते कणही वर वर विरळ होतात, आणि किती भराभर विरळ होतात यावरून मोलमधला आकडा काढता येतो. १९०८-०९ सालचं हे काम. आकडा थोडा जास्त आला, सातच्या आसपास, पण त्यानंतर अणू आहेत की नाहीत हा वाद संपला. १९२६ साली त्यांना नोबेल मिळालं. ॲव्होगॅड्रोंचं नाव आकड्याला देण्याची सूचनाही त्यांचीच.

दुसरी वाट विजेची. एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण विद्युतभार ९६,४८५ कूलोम, हे मुलामा द्यायच्या प्रयोगातून, म्हणजे चांदी किंवा तांबं किती चढलं ते तोलून कळतं. एका इलेक्ट्रॉनचा भार मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून मोजला. पहिल्याला दुसऱ्याने भागा. १.६०२ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात याने भागलं की परत तेच ६.०२२. चीक आणि वीज यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि उत्तर जवळजवळ एकाच ठिकाणी येतं. मला प्रोग्रॅम लिहिताना दोन स्वतंत्र वाटांनी एक उत्तर आलं तर जेवण गोड लागतं, त्यामुळे हे वाचून काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता.

पण सर्वांत नेमकी मोजणी झाली ती माझ्या पोटापाण्याच्या मूलद्रव्यावर. सिलिकॉनवर. त्याच्या चकत्यांवर चिप बनतात, आणि चिपवर माझं पोट. याचं गणित आपल्याला इथे फळ्यावर करता येतं. सर, मी सगळ्या पायऱ्या लिहिते, गुण कापू नका.

सिलिकॉनचा स्फटिक म्हणजे अगदी सारख्या चौकोनी खोल्यांची चाळ. एकावर एक, शेजारी शेजारी, कुठेही फट नाही. क्ष-किरणांनी खोलीची बाजू मोजता येते, ०.५४३१ नॅनोमीटर. प्रत्येक खोलीच्या वाट्याला आठ अणू येतात. कोपऱ्यांतले आठ, पण प्रत्येक कोपरा आठ खोल्यांत सामाईक, म्हणून हिशोबाला एक. सहा भिंतींवरचे सहा, प्रत्येक दोन खोल्यांत सामाईक, म्हणून तीन. आणि पूर्ण आतले चार. एकूण आठ.

खोलीचं घनफळ ०.५४३१चा घन, म्हणजे ०.१६०२ घन नॅनोमीटर. एका घन सेंटिमीटरमध्ये घन नॅनोमीटर असतात दहाचा एकविसावा घात. भागाकार केला की खोल्या ६.२४३ गुणिले दहाचा एकविसावा घात. त्याला आठने गुणलं की एका घन सेंटिमीटरमधले अणू, ४.९९४ गुणिले दहाचा बाविसावा घात.

आता सिलिकॉनचा मोल. सिलिकॉन हेही मिसळलेलं पोतं आहे, तीन मापांचं. २८ वाले ९२.२ टक्के, २९ वाले ४.७, ३० वाले ३.१. क्लोरिनसारखीच वाट्याप्रमाणे सरासरी काढली की २८.०८५५. म्हणजे मोल २८.०८५५ ग्रॅम. सिलिकॉनची घनता दर घन सेंटिमीटरला २.३२९ ग्रॅम. भागा. एका मोलला जागा लागते १२.०६ घन सेंटिमीटर. त्याला मघाचच्या ४.९९४ने गुणा.

मागच्या बाकावरच्यांनी मोबाइल काढलेत. काढा, आज परवानगी आहे. किती आलं? सहा पूर्णांक शून्य दोन. बरोबर. खोल्या मोजल्या, माणसं मोजली.

शास्त्रज्ञांनी हेच केलं, फक्त आपल्यापेक्षा कितीतरी पट काटेकोरपणे. तीन मापांच्या मिसळीचा त्रास नको म्हणून रशियात जवळजवळ निव्वळ २८ वाला सिलिकॉन वेगळा काढला. बर्लिनमध्ये त्याचा एकसंध स्फटिक वाढवला. ऑस्ट्रेलियात तो घासून त्याचा एक किलोचा गोळा केला, व्यास सुमारे ९.४ सेंटिमीटर, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा. गोळाच का? कोपरे नाहीत, त्यामुळे टवका उडायची भीती कमी, आणि व्यास नीट मोजला की घनफळ हातात. मग जर्मनी, इटली, जपान असे अनेक देश वर्षानुवर्षं ते मोजत बसले. पृष्ठभागावर हवेने चढलेला ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थरसुद्धा त्यांनी हिशोबातून वजा केला. मी इकडे तारेवरचं वार्निश तसंच ठेवलं.

आणि २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच बदलली. आपण काय पाठ केलं होतं? बारा ग्रॅम कार्बन-१२मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल. म्हणजे आधी वजन ठरलेलं, आणि त्यावरून संख्या मोजून काढायची. आता उलटं झालं. आता संख्या ठरलेली आहे, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, पुढे एकही दशांश नाही. आणि कार्बन-१२चा मोल १२ ग्रॅम भरतो, ही आता मोजून बघायची गोष्ट झाली. भरतो तो १२च, फरक असलाच तर अब्जावधीतल्या एखाद्या भागाचा, आपल्या कोणाच्याही काट्याला न दिसणारा. आपल्या मुलांना कोणी नवी व्याख्या शिकवली तर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून भांडू नका. आमच्या वेळी खरंच असं नव्हतं.

सर, तुम्ही ‘पाहून सांगतो’ म्हणाला होतात. तुमच्या वर्गातल्याच एका मुलीने पाहून सांगितलं आहे, थोडा उशीर झाला. ऑगस्ट १९९४चा प्रश्न.

आणि तुला. ‘मोजले कोणी’ हे नाव मी ठेवलं होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल, आज कळलं. चुकलं माझं. तू परवा फोनवर म्हणालीस, ‘एवढं काय त्यात, लहान होतो.’ लहान होतो हे खरं. पण दहापैकी दहा मला मिळाले होते आणि प्रश्न तुला पडला होता, हेही खरं, आणि ते मी या वर्गात उभं राहून सांगायला हवं होतं. तुझी मुलगी अकरावी सायन्सला आहे असं मला काल कळलं. ती मागे दाराशी उभी आहे, तिलाही हे ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलते आहे.

मिनिटं संपली, संयोजक हात दाखवतायत. शेवटचं एक काम राहिलं आहे. चारही ढीग मी घरी तोलून आणले, पण माझा स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली बघत नाही, आणि लोखंडाचा मोल ५५.८५ ग्रॅम आहे. तू ये पुढे. हा तुझा काटा, हे खिळे. जास्त भरले तर एखाद्याचं टोक कापायला पक्कडही आणली आहे. तोल तू. आम्ही बघतो.